बंधुप्रीती, ख्रिस्ती : मराठी मुलखातील इतिहास

ख्रिस्ती धर्मग्रंथांत ‘अगापे’ या ग्रीक शब्दाने सुचविलेली, श्रद्धावंतांनी परस्परांविषयी बाळगावयाची निरपेक्ष प्रीती. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले आणि त्यानंतर परस्परप्रीतीची नवी आज्ञा दिली, असे वर्णन योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. शिष्य कोणाचे हे बाहेरच्या लोकांनी याच एका खुणेवरून ओळखावे, असा त्या आज्ञेचा आशय आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात हीच कसोटी उलट्या बाजूने लावली असून, भावाविषयी प्रीती नसणाऱ्याचा ईश्वरप्रीतीचा दावा खोटा ठरविला आहे. मराठी बायबलमध्ये या संकल्पनेसाठी ‘प्रीती’ हा शब्द रूढ झाला. भक्ती, दया व परोपकार या शब्दांहून तिचा अर्थ निराळा आहे : भक्ती वर जाते, दया खाली येते, तर ही प्रीती बरोबरीच्या नात्याची अपेक्षा करते.

खूण म्हटली म्हणजे ती पाहणारा आणि तिचा अर्थ लावणारा समाज आला. एकोणिसाव्या शतकातील मराठी समाजाने या खुणेचा अर्थ मुख्यतः पंगतीत शोधला. कोण कोणाच्या हातचे पाणी पितो, कोण कोणाशेजारी पानावर बसतो, यावरून माणसाचे स्थान ठरविण्याची येथे शतकानुशतकांची सवय होती. त्यामुळे ख्रिस्ती बंधुप्रीती हा येथे केवळ धर्मशास्त्राचा विषय राहिला नाही. तो रोटीव्यवहाराचा व पुढे बेटीव्यवहाराचा प्रश्न झाला. मराठी चर्चचा इतिहास या दृष्टीने फारसा अभ्यासला गेलेला नाही. धर्मांतरांची संख्या आणि मिशनांच्या संस्था यांच्या हिशेबातच बहुतेक लेखन खर्ची पडले आहे.

आद्य चर्चमध्येही ही कसोटी प्रथम जेवणाच्या ठिकाणीच लागली होती. अँटिऑक येथे यहुदी व यहुदीतर श्रद्धावंत एकत्र जेवत असत; परंतु जेरूसलेमहून काही मंडळी आल्यावर पीटर त्या पंगतीतून उठला, आणि पॉलने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील हा प्रसंग मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज पडत नाही. करिंथ येथील मंडळीत श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, याबद्दलही पॉलने कडक शब्द वापरले आहेत. पुढे उत्तर आफ्रिकेतील टर्टुलियन (सु. १६०–सु. २२५) याने इ. स. १९७ च्या सुमारास लिहिलेल्या समर्थनपर ग्रंथात, ख्रिस्ती लोकांची परस्परांवरील प्रीती त्यांच्या विरोधकांच्याही नजरेत भरत असल्याचे नमूद केले. चौथ्या शतकात जुन्या रोमन धर्माचे पुनरुज्जीवन करू पाहणारा सम्राट ज्यूलियन (कार. ३६१–६३) याने तर आपल्या पुरोहितांना बजावले, की हे लोक आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात, ही आमच्या लाजेची गोष्ट आहे. विरोधकाची साक्ष असल्याने तिचे मोल अधिक.

भारतात आलेल्या ख्रिस्ती धर्माने ही कसोटी प्रारंभी पुष्कळशी बाजूला ठेवली. गोव्यात गावोगावच्या चर्चमधील ‘कॉन्फ्रारिया’ म्हणजे बंधुमंडळे जातवार विभागलेली असत आणि उत्सवाचे मान त्या विभागणीप्रमाणे ठरत. ‘बंधुमंडळ’ हे नाव आणि ही विभागणी यांतील विसंगती तेव्हा कोणाला खटकल्याचे फारसे दिसत नाही. दक्षिणेकडे तंजावर परिसरातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत निरनिराळ्या जातींची माणसे उपासनेसाठी वेगवेगळी बसत. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅन्येल विल्सन यांनी चर्चमध्ये जातिभेद पूर्णपणे सोडून दिला पाहिजे, असे आज्ञापत्र काढले. त्यावर अनेक कुटुंबे चर्चमधून निघून गेली. मराठी मुलखातील प्रॉटेस्टंट मिशनांचे कार्य याच सुमारास जोर धरीत होते. जातिभेद सोडल्याशिवाय मंडळीत प्रवेश नाही, अशी त्यांची भूमिका आरंभापासून राहिली.

या भूमिकेचा समाजाला बसलेला पहिला मोठा धक्का म्हणजे मुंबईचे शेषाद्री प्रकरण होय. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याचा अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहत होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. मात्र तो ख्रिस्ती लोकांच्या घरी राहिला व जेवला होता आणि तेवढ्याने तो जातीबाहेर गेला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांनी पुढाकार घेतला, तेव्हा सनातनी पक्षाने त्यांच्याविरुद्ध काहूर माजविले. त्या काळात श्रद्धा बदलली की नाही याहून पंगत बदलली की नाही, हा प्रश्न किती निर्णायक होता, हे या वादावरून कळते. नारायण शेषाद्री यांनी पुढे निजामाच्या राज्यात जालन्याजवळ मांग समाजात काम केले आणि तेथे ‘बेथेल’ नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानावा असे ब्राह्मणाला शिकविले जाई, त्यांच्यात त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे काढली.

अहमदनगर येथे १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र सुरू झाले. तेथील मंडळीत पुढे महार समाजातून आलेल्यांची संख्या मोठी होती, तर ब्राह्मण व इतर वरिष्ठ जातींतील माणसे मोजकी. अशा मंडळीत प्रभुभोजनाचा विधी ही खरी परीक्षा होती. एकाच भाकरीचे तुकडे वाटून घेणे आणि एका पेल्याला सर्वांनी ओठ लावणे यात विटाळ व उष्टे या दोन्ही कल्पना एकदम मोडत असत. युरोपीय चर्चमध्ये सवयीचा झालेला हा विधी येथे पुन्हा पहिल्या शतकाइतका धारदार झाला. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या पिढीतील शिकलेल्या धर्मांतरितांना ग्रंथप्रामाण्याच्या वादांनी जितके घडविले, तितकेच या एका पेल्यानेही घडविले असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या बाबतीत ही खूण अगदी शब्दशः काम करून गेली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडमध्ये वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. त्या भगिनींचे लंडनजवळ फुलम येथे ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयस्थान होते. ज्यांना समाजाने घराबाहेर काढावे त्यांची कुलीन घरच्या स्त्रिया प्रेमाने सेवा करतात, हे पाहून रमाबाईंनी त्याचे कारण विचारले. उत्तरादाखल त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. या कथेत येशू परजातीच्या, बदलौकिक असलेल्या स्त्रीकडे पाणी मागतो. यहुदी व शोमरोनी यांच्यात पाण्याचा व्यवहार नव्हता, हा तपशील इंग्रज वाचकाच्या नजरेतून सहज निसटतो. शास्त्री घराण्यात वाढलेल्या रमाबाईंच्या नजरेतून तो निसटणे अशक्य होते. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्या आध्यात्मिक अनुभवकथनात त्यांनी फुलमचा हा प्रसंग निर्णायक मानला आहे.

परंतु हीच कसोटी रमाबाईंनी ख्रिस्ती समाजावरही उलटवली. एका ख्रिस्ताचे म्हणविणारे इतके पंथ का, आणि त्यांच्यात एवढी तेढ का, असा त्यांचा प्रश्न होता. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात, आपली सदसद्विवेकबुद्धी कोणत्याही धर्माधिकाऱ्याच्या हाती देण्यास त्यांनी ठाम नकार दिला. शाकाहाराचा नियमही त्यांनी सोडला नाही. प्रीती म्हणजे दुसऱ्याच्या साच्यात स्वतःला ओतणे नव्हे, ही त्यांची समज त्यांच्या गुरूंना पटली नाही.

१८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या व पुढील वर्षी पुण्यास आलेल्या ‘शारदासदना’त ब्राह्मण विधवांना आपले जातिनियम पाळण्याची मोकळीक होती. १८९३ मध्ये धर्मप्रसाराच्या आक्षेपावरून न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संस्थेशी संबंध तोडला. नंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील दुष्काळाच्या बातम्या ऐकून रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगाव येथील ‘मुक्ती’ची वसती उभी राहिली. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. सर्व जातींच्या मुली एका भटारखान्यातले अन्न खाऊ लागल्या, विणकाम, छपाई, शेती ही कामे बरोबरीने करू लागल्या. शारदासदनातील जातवार चूल मागे पडली ती प्रवचनाने नव्हे, तर दुष्काळाने. हे सत्य मिशनच्या गौरवग्रंथांत क्वचितच स्पष्ट लिहिलेले आढळते.

मध्य प्रांतातील याच टापूचा संबंध मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या जीवनातील कलाटणीशीही येतो. नागपूर येथे अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथसंपादन केल्यानंतर टिळकांना राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाली. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची अर्नेस्ट वॉर्ड या अमेरिकन मिशनऱ्याशी गाठ पडली. हा लोहमार्ग भंडारा जिल्ह्यातून, वैनगंगा ओलांडून, तत्कालीन जिल्ह्यातीलच गोंदियावरून पुढे जातो. वॉर्ड यांनी टिळकांच्या काव्याविषयी आस्थेने विचारपूस केली व नव्या कराराची एक प्रत वाचावयास दिली. टिळकांच्या मनाची पकड घेतली ती डोंगरावरील प्रवचनाने, वादविवादाने नव्हे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

मात्र टिळकांच्या घरात बंधुप्रीतीची खरी कथा लिहिली गेली ती त्यांच्या पत्नीच्या जीवनात. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे पंढरपुरास व इतरत्र त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या नगर जिल्ह्यात पतीकडे आल्या, तरी त्यांचे सोवळे, त्यांचे पाणी व त्यांची चूल वेगळी होती. स्मृतिचित्रे (चार भाग, १९३४–३६) या आत्मकथनात त्यांनी या सोवळ्याचा क्रमाक्रमाने झालेला शेवट कसलाही अभिनिवेश न आणता सांगितला आहे. जातिभेद देवाने केला की माणसांनी, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हा निश्चय बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे; बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला. योहानाच्या पत्रातील क्रम येथे उलटा झाला. श्रद्धेची खूण श्रद्धेच्या आधीच हजर झाली. यानंतर टिळकांच्या घरात निरनिराळ्या जातींची अनाथ व गरजू मुले वाढली.

टिळकांना चर्चमधील दुसऱ्या एका भेदाने अस्वस्थ केले होते. तो म्हणजे गोरा मिशनरी व देशी कार्यकर्ता यांच्यातील भेद. पगार देणारा आणि घेणारा यांच्यात भाऊपणा टिकत नाही, असा त्यांचा अनुभव होता. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ ही बंधुसंस्था सुरू केली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त तीत समान मानले जाणार होते. दोन वर्षांत टिळकांचा मृत्यू झाला आणि दरबार ओसरला. परंतु टिळकांचे चरित्रकार व अँग्लिकन मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये अहमदनगर येथे ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. त्यात युरोपीय व भारतीय सभासद एकाच वेषात, एकाच प्रकारचे अन्न घेऊन राहत. संघ पुढे पुण्यास गेला. १९२७ मध्ये तेथे आलेले व्हेरिअर एल्विन (१९०२–६४) आणि त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे हे १९३२ मध्ये मंडला जिल्ह्यातील गोंडांमध्ये राहावयास गेले. काही वर्षांत एल्विन यांनी चर्चचा निरोप घेतला. प्रीतीचा मार्ग माणसाला चर्चमध्ये आणतो तसा तो बाहेरही नेऊ शकतो, हे या उदाहरणावरून दिसते.

भंडारा येथे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे केंद्र १८८२ मध्ये उघडले गेले. नागपूर येथे स्टीव्हन हिस्लॉप (१८१७–६३) यांनी १८४५ मध्ये सुरू केलेल्या कार्याचाच हा विस्तार होता. भंडाऱ्याच्या केंद्रातर्फे रुग्णालय, अनाथालय व शाळा चालत. तलावांचा व भाताचा हा जिल्हा पाऊस गेला की पार कोलमडे. १८९६-९७ व १८९९-१९०० अशा लागोपाठच्या दोन दुष्काळांनी जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ च्या जनगणनेत दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी घटून ६,६३,०६२ झाली. त्या काळात अनाथालय व रुग्णालय ही नुसती धर्मप्रसाराची साधने मानणे अन्यायाचे होईल. पण भुकेल्या मुलाला मिळालेल्या घासाबरोबर नवा धर्मही मिळत होता, ही वस्तुस्थितीही नाकारता येत नाही. जिल्ह्यातील ख्रिस्ती लोकसंख्या मूठभरच राहिली. रुग्णालयात सर्व जातींचे लोक येत आणि बरे होऊन आपापल्या पंगतीत परत जात. सेवा त्यांनी मनापासून स्वीकारली, बंधुत्व स्वीकारले नाही. टर्टुलियनच्या काळी पाहणारे प्रभावित होऊन आत येत. येथे पाहणारे प्रभावित होऊन बाहेरच थांबले.

भंडाऱ्याचा ख्रिस्ती माणूस स्कॉटिश प्रेसबिटेरियन का झाला, याला धर्मशास्त्रीय कारण नव्हते. स्पर्धा टाळण्यासाठी मिशनांनी आपसांत प्रदेश वाटून घेतले होते. नगरचा ख्रिस्ती काँग्रिगेशनल, यवतमाळचा फ्री मेथडिस्ट, अकोला-अमरावतीकडील अलायन्स मिशनचा, नाशिकचा अँग्लिकन. नवऱ्याच्या गावी गेलेल्या मुलीचा पंथ बदले तो बैलगाडीने किंवा आगगाडीने. नागपुरात १९०३ मध्ये अँग्लिकन बिशपचे पीठ स्थापन झाले. त्याच शहरात हिस्लॉप परंपरेचे प्रेसबिटेरियन चर्चही होते. दोघांचे प्रभुभोजन वेगळे. स्कॉटलंड व इंग्लंडमधील सतराव्या शतकाचे भांडण विदर्भातील विणकरांच्या व शेतमजुरांच्या मुलांनी का चालवावे, हा प्रश्न देशी ख्रिस्ती नेत्यांनी सातत्याने विचारला. १९२४ मध्ये काही मंडळ्यांचे ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ झाले. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली. दक्षिण आशियातील मेथडिस्ट चर्च शेवटच्या क्षणी मागे फिरले. फ्री मेथडिस्ट व अलायन्स मंडळ्या आपापल्या जागी राहिल्या. या ऐक्याचा जमीनजुमल्याशी संबंध येताच मात्र प्रीतीची जागा वकिलांनी घेतली. गुजरातमधील ब्रेदरेन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व २०१३ मध्ये त्याचा निकाल ऐक्य झालेल्या चर्चच्या विरुद्ध लागला. श्रद्धावंतांनी एकमेकांना न्यायालयात खेचू नये, असे पॉलने करिंथकरांना बजावले होते, याचे स्मरण त्या दिवसांत अनेकांनी केले असेल.

पंगत एक झाली, तरी सोयरीक एक झाली नाही. मराठी चर्चमध्ये सहभोजनाचा प्रश्न दोन-तीन पिढ्यांत बराचसा सुटला. विवाह जुळविताना पूर्वाश्रमीची जात विचारण्याची चाल मात्र चिकटून राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) यांनी धर्मांतराचा विचार करताना ख्रिस्ती धर्माची बारकाईने छाननी केली होती. त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या लेखांत त्यांनी दोन आक्षेप घेतले : धर्मांतरित अस्पृश्याची अस्पृश्यता चर्चने घालविली नाही; आणि दुःखाचे मूळ समाजरचनेत न शोधता व्यक्तीच्या पापात शोधावयास शिकवून त्याची झगडण्याची प्रेरणा मंद केली. मिशनच्या शाळा-रुग्णालयांचे ऋण त्यांनी नाकारले नाही. त्यांचा आक्षेप चर्चच्या आतील बंधुत्वावर होता, म्हणजे नेमका योहानाच्या कसोटीवर. १९५४ मध्ये भंडारा मतदारसंघातील लोकसभेची पोटनिवडणूक त्यांनी लढविली व त्यात त्यांचा पराभव झाला. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, भंडाऱ्यापासून साठ-पासष्ट किमी. वरील नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. हिस्लॉपपासून शंभरहून अधिक वर्षे ज्या समाजात मिशनांनी काम केले, त्या समाजाने या भागात बहुसंख्येने वेगळा मार्ग निवडला. चर्चच्या इतिहासकारांनी या घटनेचा विचार प्रतिस्पर्ध्याचे यश म्हणून केला. स्वतःला लागलेली कसोटी म्हणून तो फार थोड्यांनी केला.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या. १९५६ मध्ये शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. दलित ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. ख्रिस्ती धर्म जातिभेद मानीत नाही, हे त्यामागील एक गृहीतक होय. ऑक्टोबर २०२२ मध्ये या प्रश्नाच्या अभ्यासासाठी केंद्र शासनाने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या धोरणपत्रात, देशातील सुमारे १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित असल्याचे सांगून, चर्चच्या आत अस्पृश्यता व भेदभाव चालू असल्याची उघड कबुली दिली. सवलतींची मागणी टिकवावयाची तर अशी कबुली देणे चर्चला भाग पडते, आणि कबुली न देणाऱ्या चर्चचा दलित सभासद सवलतीविना राहतो.